पंगतीतील पांडुरंग

तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाला ब्रह्म म्हटले, अन्नाची निंदा करू नये आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, असे व्रत सांगितले. वारकरी संप्रदायाने हे व्रत पंगतीत उतरविले. विणेकरी, पखवाजवादक आणि टाळकरी यांची दिंडी म्हणजे गावोगाव चालत जाणारा गायकवृंदच होय. ज्या मुखात अखंड नाम आहे, त्या मुखी घास घालणे ही साक्षात पांडुरंगाची सेवा मानली जाते.

कुकडीकाठचे येडगाव, रेड्याच्या समाधीचे आळे, तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचे ओतूर, अशा या पुण्यभूमीत अखंड हरिनाम सप्ताह भक्तिभावाने होतात. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन आणि शेवटी काला. या सात दिवसांत परगावचे टाळकरीही पंगतीला बसतात. अशा वेळी एखाद्या दात्याच्या मनात पुरणपोळीचे जेवण घालावे असे येते आणि नेमकी त्याच दिवशी एकादशी असते. मग कोणाची इच्छा मोठी, देणाऱ्याची की व्रतस्थाची?

संतांच्या शिकवणुकीतून याचे उत्तर मिळते. अन्नदान जेवणाऱ्यासाठी असते; दात्याच्या हौसेसाठी नव्हे. तुळशीची माळ धारण केलेला वारकरी मद्यमांस वर्ज्य करतो व एकादशी पाळतो. कांदा-लसूण कित्येक जण केवळ चातुर्मासात सोडतात. म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते. काहींचा नियम मात्र बारमाही असतो. यासाठी मोठ्या पंगतीची आमटी-भाजी कांदा-लसणाविना करावी. ती सर्वांनाच चालते.

एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, फळे व दूध असावे. उपवासाच्या पदार्थांत हळद, मोहरी, हिंग घालत नाहीत. बाजारच्या हिंगात तर बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणून चूल, कढई व डाव वेगळे ठेवावेत. वृद्ध व आजारी माणसांस उपवासाचा आग्रह करू नये. दुसऱ्या दिवशी द्वादशीला सूर्योदयानंतर पारणे होते. दात्याची पुरणपोळी त्या पानात वाढावी. दोघांचीही इच्छा पूर्ण होते.

तथापि एक भान सदैव असावे. पथ्य अन्नाचे असते, माणसाचे नसते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी (१५३३–१५९९) श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्य बांधवांस प्रथम वाढले, अशी कथा परंपरेने जपली आहे. पंढरीचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले. ज्याच्या दारी सर्वांना प्रवेश, त्याच्या प्रसादाच्या पंगतीत भेद कसा चालेल? शीख बांधवांच्या गुरुद्वारातील लंगरमध्येही शाकाहारी अन्न असते, ते कोणत्याही पंथाच्या माणसाला एकाच रांगेत बसता यावे यासाठीच. सोवळे स्वयंपाकघरात पाळावे. पंगतीत मात्र समभाव पाळावा.

दानशूर भाविकांनी शिधा किंवा पंगत देण्यापूर्वी तिथी पाहावी, येणाऱ्या दिंडीच्या प्रमुखांकडे पथ्य विचारावे आणि मगच आचाऱ्यास यादी द्यावी. विचारून वाढलेला साधा वरणभात न विचारता वाढलेल्या पक्वान्नाहून श्रेष्ठ होय. ज्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठत नाही आणि कोणाचा नेम मोडत नाही, तेथे पांडुरंग तृप्त होतो.

॥ रामकृष्णहरि ॥