दगडाचा ब्रेक

वातावरण असलेल्या ग्रहापाशी यान पोहोचलं की त्याचा वेग कमी करायला दर वेळी इंधन जाळावं लागतं असं नाही. यान हवेच्या वरच्या थरात शिरवलं तर हवाच त्याला अडवते. अभियंते या युक्तीला एरोब्रेकिंग म्हणतात. या शब्दातली हवा काढून तिथे दगड बसवला की लिथोब्रेकिंग तयार होतं. म्हणजे ग्रहाच्या जमिनीवर आदळून वेग शून्यावर आणणं.

हा शब्द अंतराळ अभियंत्यांच्या गप्पांत आधीपासून होता, पण तो घरोघरी पोहोचला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळामुळे. मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड या कंपनीने हा खेळ जून २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला आणि पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आणली. कर्बिन नावाच्या ग्रहावर राहणारी बुटकी, हिरवी, डोळे विस्फारलेली माणसं यातली अंतराळवीर. आपण टाक्या, इंजिनं, पॅराशूट असे सुटे भाग जोडून रॉकेट बांधायचं आणि त्यांना वर पाठवायचं. चित्रं बालिश असली तरी हिशोब कडक आहे. कर्बिनची त्रिज्या जेमतेम ६०० किलोमीटर, पण पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीइतकंच. हवा ७० किलोमीटरवर संपते. हवेच्या लगेच वरच्या कक्षेत टिकायचं तर सेकंदाला सव्वादोन किलोमीटरहून जास्त आडवा वेग हवा. तो मिळाला नाही तर यान खाली येतं, आणि कसं येतं यासाठीच या खेळाडूंनी इतके शब्द घडवले.

हे शब्द अपयश झाकण्यासाठी काढलेले विनोद आहेत असं वरवर वाटतं. माझं मत उलट आहे. यातला चांगला शब्द आधी परिभाषा असतो आणि मग विनोद. परिभाषा म्हणून तो चोख नसेल तर हसूच येत नाही.

लिथोब्रेकिंगच पाहा. ब्रेकचं काम वेग कमी करणं, आणि जमीन तो नक्की कमी करते. व्याख्येत कुठेही खोट नाही. खोट आहे ती फक्त यानाचं पुढे काय होतं या प्रश्नात, आणि व्याख्येने तो प्रश्न विचारलेलाच नाही. म्हणून ज्याला एरोब्रेकिंग ठाऊक नाही त्याला हा शब्द नुसता विचित्र वाटतो. ज्याने एकदा तरी हवेने यान थोपवलं आहे, तोच खदखदून हसतो.

शिवाय ही थट्टा पुरती खोटीही नाही. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेलं मंगळावर पडलं, निदान १५ वेळा उसळलं आणि धडधाकट राहिलं. हवेने आणि रॉकेटांनी बराच वेग आधी कमी केला होता, पण उरलेला जमिनीनेच शोषून घेतला. खेळातही प्रत्येक सुट्या भागाच्या माहितीत तो किती वेगाच्या धडकेपर्यंत टिकेल हे लिहिलेलं असतं. उतरण्यासाठी बनवलेल्या पायांपेक्षा साध्या लोखंडी गर्डरची सहनशक्ती कितीतरी जास्त, सेकंदाला ८० मीटर. हे वाचल्यावर खेळाडूंनी जे करायचं तेच केलं. यानाच्या बुडाला गर्डर लावले आणि दगडाचा ब्रेक खरोखर वापरला. चेष्टेतला शब्द असा तंत्र बनला.

शतावरीच्या कुळातल्या अ‍ॅस्परॅगस या भाजीचं नावही असंच तंत्राला चिकटलं. त्याची गोष्ट बूस्टरांपासून, म्हणजे रॉकेटला जोडलेल्या जादा इंजिनांपासून सुरू होते. रॉकेट वर जात नसेल तर खेळाडूंचं पहिलं उत्तर ठरलेलं: ‘मोअर बूस्टर्स’, तेही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं. या घोषणेत अडाणीपणा आहे आणि आपण अडाणी आहोत याची जाणीवही. जास्तीचा बूस्टर उचलायलाही इंधन लागतं, त्या इंधनाला टाकी, टाकीला पुन्हा इंधन. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीने १९०३ साली छापलेलं समीकरण हेच सांगतं. वेगातली वाढ दुप्पट हवी असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या रॉकेटच्या वजनांचं गुणोत्तर दुप्पट करून भागत नाही, त्याचा वर्ग करावा लागतो. समीकरण न वाचलेला खेळाडूही दहा-बारा बूस्टर लावून ते कोसळताना पाहतो आणि मुद्दा समजून घेतो.

मग तो अ‍ॅस्परॅगस स्टेजिंगकडे वळतो. मधल्या खांबाभोवती सहा टाक्या, प्रत्येकीखाली इंजिन. सातही इंजिनं सुरुवातीपासून पेटलेली, पण टाक्या पिवळ्या नळ्यांनी अशा जोडलेल्या की सगळं इंधन आधी समोरासमोरच्या एका जोडीतून ओढलं जातं. ती जोडी रिकामी झाली की टाकून द्यायची. उरलेल्या पाच टाक्या तेव्हाही काठोकाठ भरलेल्या असतात. मग दुसरी जोडी, मग तिसरी. रिकामं लोखंड एक क्षणही वागवायचं नाही. दुरून हे रॉकेट कोंबांच्या जुडीसारखं दिसतं, म्हणून हे नाव. टाक्यांतून टाक्यांत इंधन वाहून नेण्याचा बेत स्पेसएक्सनेही फाल्कन हेवीसाठी आखला होता. ६ फेब्रुवारी २०१८ ला ते रॉकेट उडालं ते मात्र त्याशिवाय. संगणकावर पिवळी नळी ओढायला माऊसची एक टिचकी पुरते. खऱ्या रॉकेटवर तिथे पंप आणि झडपा लागतात, आणि टाकी विलग होण्याच्या नेमक्या क्षणी नळीने स्वच्छ सुटावं लागतं.

आतापर्यंतचे शब्द खेळाडूच्या स्वतःच्या चुकांचे होते. क्राकेनची गोष्ट निराळी. खोल अंतराळात सगळं सुरळीत चाललेलं असताना यान आपोआप थरथरू लागायचं आणि चिंधड्या होऊन चारी दिशांना उडायचं. नॉर्वेच्या दंतकथांतला, जहाजं गिळणारा समुद्रराक्षस खेळाडूंनी इथे आणला. राक्षस होता संगणकाच्या आकडेमोडीत. यानाच्या भागांच्या जागा ज्या दशांश आकड्यांत ठेवल्या जात, त्यांत साधारण सातच अंक नेमके असतात. केंद्रापासून ६०० किलोमीटरवर अशा आकड्याची सर्वांत बारीक पायरी सहा सेंटीमीटरांची. दहा लाख किलोमीटरवर तीच पायरी ६४ मीटरांची होते! टाकी आणि इंजिन एकमेकांना चिकटलेले आहेत की त्यांच्यात अंतर आहे, हे संगणकालाच ठरवता येईना. मग तो जोड ताणायचा, आणि यान फाटायचं. खेळ बनवणाऱ्यांनी उपाय काढला तो असा की यान हलवायचंच नाही. यान मध्यभागी ठेवायचं आणि बाकीचं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. या उपायाला त्यांनीच ‘क्राकेन्सबेन’, म्हणजे क्राकेनचा कर्दनकाळ, असं नाव दिलं. बॉप नावाच्या छोट्या चंद्रावर मेलेल्या क्राकेनचं धूडही ठेवलं. खेळाडू त्याहून इरसाल. उरलेल्या चुका हेरून त्यांनी इंधनाशिवाय चालणारी इंजिनं बनवली आणि त्यांना क्राकेन ड्राइव्ह म्हटलं.

इथे एक आक्षेप येईल. अपघाताला गंभीर तांत्रिक नाव देणं हा तर साहेबी भाषेचा जुना धंदा आहे. आपल्या बातम्यांतला ‘अनुचित प्रकार’ त्यातलाच. २० एप्रिल २०२३ ला स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेट हवेत फुटलं तेव्हा कंपनीने ‘रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेंब्ली’ झाल्याचं कळवलं, म्हणजे वेळापत्रकात नसताना झटपट सुटे भाग होणं. हाच शब्द कर्बलचे खेळाडू रोज वापरतात. मग फरक काय राहिला?

फरक तोंडाचा आहे. खेळाडूचं रॉकेट त्यानेच बांधलेलं, त्यानेच उडवलेलं, आणि ते फुटलं तर लपवायला समोर कुणी नाही. त्याच्या तोंडी गंभीर शब्द स्वतःवरच उलटतो. तोच शब्द पत्रकात आला की बचाव होऊ शकतो. मात्र पत्रकातला प्रत्येक शब्द बचावच असतो असंही नाही. चांद्रयान-२ मधल्या विक्रम या चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं झालं ते ‘हार्ड लँडिंग’ असं केंद्रीय राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेला लेखी कळवलं. शब्द सौम्यच होता. पण त्याच उत्तरात ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आल्याचं, आणि पुढच्या टप्प्यात तो ठरल्यापेक्षा जास्त घटल्याने गणित बिघडल्याचंही लिहिलेलं होतं. कर्बल खेळणाऱ्या कुठल्याही पोराला त्यावरून चूक कोणत्या टप्प्यात झाली ते सांगता येईल. तेव्हा यापुढे बातमीत असा एखादा गोंडस शब्द भेटला तर त्यावर चिडण्याआधी पुढच्या वाक्यात आकडे आहेत का, एवढं बघा.