ब्रोकन हिलच्या कुंपणापाशी

सावकाश वाचा. मन जिथे थांबेल तिथे थांबा, पुढे जायची घाई नाही.

सिडनीहून पश्चिमेला निघू या. हिरवा किनारा मागे पडतो, गव्हाची शेतं विरळ होतात आणि तांबडी माती सुरू होते. सुमारे 1100 किलोमीटरवर, न्यू साउथ वेल्सच्या पार कडेला, ब्रोकन हिल लागतं. इथली घड्याळं मात्र शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेनं चालतात. ॲडिलेड निम्म्याच अंतरावर आहे आणि इथली खनिजं रेल्वेनं त्याच बाजूला गेली. वर्षाचा पाऊस जेमतेम 250 मिलिमीटर. एवढ्या पावसावर शहर कसं वसलं असेल? प्रश्न मनात राहू द्या.

आता जमिनीखाली उतरा. सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वी इथे शिसं, जस्त आणि चांदीचा प्रचंड साठा तयार झाला. बूमरँगसारखा वळलेला, जवळजवळ 7 किलोमीटर लांब. त्याचा माथा टेकडी होऊन वर आला होता. हा मुलूख मूळचा विल्याकाली या आदिवासी लोकांचा. 1883 मध्ये मेंढ्यांच्या कुरणाची हद्द राखणाऱ्या चार्ल्स रॅस्पला टेकडीवरचे काळे दगड कथिलाचे वाटले. पुढे त्यांतून चांदी निघाली. 1885 मध्ये बीएचपी ही कंपनी स्थापन झाली. ज्या टेकडीवरून गावाला नाव पडलं, ती खणून खणून संपली. तिच्या जागी, शहराच्या मधोमध, खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा लांबलचक ढिगारा आहे. त्यावरच्या स्मारकात खाणींमध्ये जीव गमावलेल्या 800 हून अधिक कामगारांची नावं आहेत. एकेक नाव मनात उच्चारायचं ठरवलं तर किती वेळ लागेल? तेवढा वेळ त्यांना द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

इथे उंटांचे तांडेही होते. अफगाणिस्तानातून आणि तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्या उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद गावाच्या उत्तर भागात अजून उभी आहे.

आता झाडांकडे वळू. भट्ट्यांना सरपण हवं होतं, खाणीतल्या बोगद्यांना लाकडी टेकू हवे होते. भोवतालची मुल्गाची झाडं तुटली. उरलंसुरलं मेंढ्या, बकऱ्या आणि सशांनी खाल्लं. मोकळी झालेली माती वाऱ्यावर उडून घरांत, विहिरींत, डोळ्यांत जाऊ लागली. अल्बर्ट मॉरिस हा खाणीतला धातुपरीक्षक, पण त्याचा जीव रानातल्या झाडाझुडपांत. त्यानं सुचवलं, गावाभोवतीच्या जमिनीला कुंपण घाला, जनावरं आणि ससे बाहेर ठेवा. 1936 मध्ये काम सुरू झालं. पाऊस आला, आणि मातीत पडून राहिलेलं बी रुजलं. इथल्याच मातीतली खारी झुडपं पुन्हा उगवली, माती धरून राहू लागली.

या कुंपणापाशी हवं तेवढं रेंगाळा. मॉरिस 1939 मध्ये गेला. हिरवा पट्टा त्याच्या मागे वाढत राहिला.

मात्र इथून उठण्याआधी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. धुळीची मोठी वादळं ओसरली, तरी अंगणातल्या बारीक धुळीत शिसं आहेच. रांगणारी मुलं हात तोंडात घालतात. म्हणून आजही ब्रोकन हिलमध्ये लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासतात.