‘पुरे’ कोणी म्हणायचे?

वाडीत राहणाऱ्या माणसाला महिने कॅलेंडरवरून कमी आणि कामावरून जास्त कळतात. मृगाचा पाऊस झाला की आम्ही कारली, शिराळी, पडवळ लावतो आणि मांडवाचे बांबू बदलतो. ऑक्टोबरात वाफे पुन्हा बांधायचे. मुळा, माठ, वांगी, वाल करायचे. मार्च लागला की मात्र साऱ्या घराचे लक्ष विहिरीकडे लागते. केळी, पानवेल आणि मोगरा मे अखेरपर्यंत जगवायचे असतात.

आपल्या वसईच्या किनारपट्टीवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांचे पाणी जमिनीने पोटात धरून ठेवावे लागते. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी वाडीत बावखले राखली. पावसाचे पाणी बावखलात साठायचे, हळूहळू जमिनीत मुरायचे आणि शेजारच्या विहिरी गोड्या राहायच्या.

त्या काळी विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, माळेला बांधलेली मडकी भरून वर यायची आणि पाटाने पाणी वाफ्यात जायचे. दुपार झाली की बैल थकायचा. बैल थांबला की पाणी थांबायचे आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरायची. ‘आता पुरे’ हे माणसाला ठरवावे लागत नव्हते. ते बैलच सांगायचा. मग विजेचा पंप आला. कष्ट वाचले, हे उपकारच झाले. पण पंप थकत नाही. त्यामुळे ‘पुरे’ म्हणण्याचे काम आपल्यावर आले आणि ते आपल्याला कोणी शिकवले नव्हते.

समुद्राजवळच्या जमिनीखाली खारे पाणी असते आणि त्यावर हलके गोडे पाणी तरंगत असते. शास्त्राच्या हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी १ फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकते. हा हिशेब आम्हाला कळला तो चूक झाल्यावर.

घर वाढवायचे ठरले, तेव्हा आम्ही बावखलाचा अर्धा भाग भराव घालून बुजवला. “जागा नुसती पडून आहे,” असे आम्हीच म्हणालो. आई एवढेच म्हणाली, “पाणी बसतं ती जागा पडून नसते रे.” आम्ही ऐकले नाही. उलट पंप जास्त वेळ चालवू लागलो. काही वर्षांनी उन्हाळ्यात चहाची चव बदलली. पानवेल पिवळी पडली. विहिरीचे पाणी मचूळ झाले होते. शेजारच्या विहिरीचेही झाले. तेव्हा पहिल्यांदा उमगले की, विहिरीचा कठडा आपला असतो, खालचे पाणी सर्वांचे असते.

गेल्या वर्षी उरलेला अर्धा भागही भरून चार गाळे काढावेत, असा विषय घरात निघाला. हा विचार लोभाचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांची शिक्षणे आहेत, दवाखाना आहे, आणि गाळ्यांचे भाडे भाजीच्या पैशांपेक्षा जास्त येते, हे खरे आहे. ज्यांनी वाड्या विकल्या, त्यांच्याही काही अडचणी असतील. त्यांचा न्याय करणारे आम्ही कोण? पण ज्या पाण्यावर शेजाऱ्याचीही वाडी जगते, ते आपल्या गरजेपोटी संपवण्याचा अधिकार आपल्याला आहे का? या प्रश्नाला ‘होय’ म्हणायला घरातले कोणीच धजले नाही.

शेवटी गाळे काढले नाहीत. मे महिन्यात बावखलातला गाळ उपसला. पंपाची वेळ ठरवून दिली. ती संपली की वाफा कोरडा राहिला तरी बंद. केळी कमी लावली. पैशांची ओढ आहे, ती लपवत नाही. पाणी अजून पूर्वीसारखे गोडे झालेले नाही. कदाचित आमच्या हयातीत होणारही नाही.

विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा देताना पवित्र शास्त्राने बैलालाही विसावा द्यायला सांगितले आहे. सातव्या वर्षी जमीनही पडीक ठेवायची होती. आम्हाला पूर्वी ती मुक्या जनावरावरची दया वाटायची. आता वाटते, ती आज्ञा आपल्यासाठीच होती. साधे राहणे म्हणजे हाल काढणे नव्हे. आणखी घेता येत असतानाही हात आखडणे आणि थोडे जमिनीसाठी, थोडे शेजाऱ्यासाठी शिल्लक ठेवणे, हे साधे राहणे.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे वाडी नसेल. पण बटण दाबले की चालू होणारे आणि स्वतःहून न थांबणारे काहीतरी प्रत्येकाच्या घरात आहे. तिथे ‘पुरे’ कोण म्हणते, हे या रविवारी घरच्यांबरोबर बसून एकदा पाहूया.