निर्णय कलावंताचा, देणे कोणाचे?

'मानधन' या शब्दाची घडण मोठी सोयीची आहे. त्यात मान आधी येतो आणि धन मागाहून. मागाहून येणारे राहून गेले तरी शब्द पुरता खोटा पडत नाही. 'बिदागी' किंवा 'मजुरी' या शब्दांना ही सवलत नाही. कलावंताला दिलेले स्वातंत्र्य हे त्याच्या देण्यातून वळते करून घेता येते काय, असा प्रश्न या शब्दाच्या पोटात दडलेला आहे. लघुअनियतकालिकांच्या चळवळीवर मराठीत विपुल लिहिले गेले. तथापि हा प्रश्न तिला क्वचितच विचारला गेला. तो विचारण्यासाठी प्रस्तुत लेखात थोडे दूरचे, न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रिका-संस्थेचे उदाहरण घेतले आहे.

बर्नार्ड स्टोलमन (१९२९–२०१५) हा व्यवसायाने वकील आणि एस्पेरांतो या कृत्रिम विश्वभाषेचा पुरस्कर्ता. त्याच्या 'ईएसपी-डिस्क' या संस्थेचे नावही त्या भाषेवरूनच आलेले, आणि तिची पहिली तबकडीही एस्पेरांतोतील गीतांची. १९६३च्या अखेरीस हार्लेममध्ये त्याने आल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवादकाला ऐकले आणि संस्थेची दिशा पालटली. १० जुलै १९६४ रोजी आयलर, गॅरी पीकॉक आणि सनी मरे या तिघांनी 'स्पिरिच्युअल युनिटी'चे वादन ध्वनिमुद्रित केले. ते जेमतेम अर्ध्या तासाचे आहे. ठरलेला ताल नाही, स्वरसंगतीची ठरलेली चौकट नाही. एखादी लोकगीतासारखी साधी धून उभी राहते आणि पाहता पाहता तिच्या चिंध्या होतात. कोणत्याही मोठ्या कंपनीने त्या काळी हे छापले नसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिल डिक्सनने 'सेलर कॅफे' या लहानशा जागेत नव्या जाझचा महोत्सव भरवला. तेथे भेटलेल्या अनेकांसाठी स्टोलमनने आपले दार उघडले. सन रा, फॅरो सँडर्स, मिलफर्ड ग्रेव्ह्ज ही नावे पुढील दोन वर्षांत त्याच्या तबकड्यांवर आली. वेष्टनावर संस्थेचे ब्रीद छापलेले असे : श्रोत्याने काय ऐकावे, हे केवळ कलावंत ठरवतील.

कलास्वातंत्र्याची इतकी निखळ प्रतिज्ञा क्वचितच आढळते, आणि ती बव्हंशी पाळलीही गेली. पाळले गेले नाही ते दुसरेच. स्वामित्वधनाचे पैसे हाती पडले नाहीत, अशी तक्रार संस्थेच्या अनेक कलावंतांनी पुढे वर्षानुवर्षे केली. स्टोलमनचे म्हणणे असे, की नफा झालाच नाही. ज्या थोड्या तबकड्या खपल्या त्यांच्या चोरट्या प्रती निघाल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यास संस्था बंद पडली. तिच्यात घरचा पैसा ओतणाऱ्या या माणसाला लुटारू ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पण नफा झाला नाही हे देणे न फेडण्याचे कारण असू शकते; देणे नव्हते, असे त्यातून सिद्ध होत नाही. 'तुला हवे ते वाजव' हे वाक्य स्वातंत्र्य देते. 'तुला हवे ते वाजव, आणखी काय हवे?' हे दुसरे वाक्य मात्र तेच स्वातंत्र्य हिशेबाच्या वहीत जमेला धरते. नैतिक घसरण होते ती या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, आणि ती बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नाही.

याच्या नेमके उलट चित्र आपल्या मुंबईत होते. हॉटेलांतून जाझ वाजवणारे गोव्याचे वादक चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत शिरले. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँतोनियो वाझ यांनी सी. रामचंद्रांबरोबर काम केले; 'अलबेला'तील (१९५१) संगीताला जी चपळाई आहे तिच्यात या सहवासाचा वाटा आहे. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या चालींचे वाद्यसंयोजन करीत. या लोकांना कामाचे पैसे मिळत. तबकडीवर मात्र त्यांचे नाव नसे. ('महल'च्या १९४९च्या तबकडीवर प्रत्यक्ष लता मंगेशकरांऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले, तेथे व्हायोलिनवादकाची काय कथा!) निर्णयाचा अधिकार तर नव्हताच. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये नाव आणि निर्णय, पण धन नाही. मुंबईत धन, पण नाव नाही, निर्णयही नाही. यांपैकी कोणता कलावंत अधिक स्वतंत्र? आपल्या समीक्षेचे उत्तर ठरलेले आहे : पहिला. कारण दुसऱ्याला ती कलावंत मानतच नाही, कारागीर मानते.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. एका ध्रुवावर कलेची स्वायत्तता, दुसऱ्यावर तिचे लौकिकाशी असलेले नाते. कलाकृतीबाबत हे द्वैत आपण मान्य केले. कलावंताबाबत मात्र आपण अद्याप एकाच ध्रुवावर बसून आहोत. कृती स्वायत्त असू शकेल. ती करणाऱ्याचे घरभाडे स्वायत्त नसते.

आता लघुअनियतकालिकांकडे येऊ. 'शब्द', 'असो', 'वाचा' यांनी 'सत्यकथे'च्या संपादकीय संस्काराला नकार दिला, तो ईएसपीच्याच ब्रीदाने : काय लिहायचे ते लिहिणारा ठरवील. अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने १९७७मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' काढल्या आणि मराठीतील पुढच्या संग्रहांसाठी पाव शतकाहून अधिक काळ वाट पाहिली. 'भिजकी वही' आली ती २००३मध्ये. कवीच्या सवडीला इतका मान देणारा प्रकाशक विरळा. येथे पैसे कोणालाच मिळाले नाहीत, म्हणून कोणाचे देणेही उरले नाही, असे आपण समजतो. ते वरवर खरे आहे. पण ही मंडळी जगत कशावर होती? कोलटकर जाहिरातक्षेत्रात होते. नेमाडे महाविद्यालयात शिकवीत. आपल्या बंडखोर वाङ्मयाचे खरे आश्रयदाते जाहिरातसंस्था आणि महाविद्यालयाचे वेतनपत्रक हे होते, असे म्हटले तर चळवळीच्या इतिहासकारांना राग येईल; पण हे नाकारणार कसे? ज्याला अन्यत्र पगार आहे त्यालाच फुकट लिहिणे हे स्वातंत्र्य वाटू शकते. 'गोलपिठा'चा (१९७२) कवी टॅक्सी चालवीत होता, हे आपण त्याच्या अनुभवविश्वाचे प्रमाण म्हणून सांगतो. मराठी कवितेच्या अर्थव्यवहाराचे प्रमाण म्हणून कधी सांगत नाही. आयलरला असा पगार नव्हता. जॉन कोल्ट्रेन त्याला पैशाची मदत करी. १९७०च्या नोव्हेंबरात त्याचा मृतदेह न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये सापडला. तो चौतीस वर्षांचा होता.

यावर एक उत्तर संघटनेचे होते. डिक्सनने १९६४मध्येच 'जाझ कंपोझर्स गिल्ड' स्थापून कंपन्यांशी एकत्र बोलणी करण्याचा यत्न केला. वर्षभरातच ती मोडली, कारण सगळ्यांची गरज सारखी नव्हती. मुंबईच्या वाद्यवृंदातील 'कारागिरां'नी मात्र आपल्या संघटनेमार्फत प्रतवारीनुसार दर ठरवून घेतले. हा धडा कलावंतांनी कारागिरांकडून घ्यावयाचा होता.

नांदुऱ्यात या तबकड्या कधी विकायला आल्या नाहीत. पण लघुअनियतकालिकांवरील तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, की यांना लिहिण्याचे पैसे मिळत होते का. वर्गात हशा पिकला. तिचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता, एवढेच त्या हशाचे कारण. आमच्या जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवणारे, पीएच.डी. झालेले कितीतरी तरुण आज शोधनिबंध लिहितात. नियतकालिक त्यांना मानधन देत नाही. अनेक ठिकाणी छपाईचा खर्च तेच भरतात, आणि गुणांकनासाठी ते छापील पान जपून ठेवतात. त्यांचे काय लिहावे हे कोणी ठरवीत नाही. त्या अर्थी ते स्वतंत्र आहेत. प्रस्तुत लेखकाला मात्र दरमहा वेतन मिळते, आणि हा लेखही त्या वेतनाच्या बळावरच विनामूल्य लिहिला गेला आहे.