न घसरलेले उतार

स्वित्झर्लंडमधल्या अँडरमाट गावाच्या डोक्यावर, डोंगरउतारावर एक रान राखलेले आहे. त्यातले झाड कुणी तोडायचे नाही, असा लेखी निर्बंध 1397 साली घातला गेला. हिमस्खलन कशामुळे होते हे त्या गावकऱ्यांना सांगता आले नसते. पण बर्फ कुठून सुटतो आणि कुणाच्या अंगणात येऊन थांबतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. धोका म्हणजे एक ठरलेली वाट. त्या वाटेवर घर बांधू नये, वरचे रान राखावे, एवढ्यावर कित्येक शतके निभावले. योहान कोआत्स या वनाधिकाऱ्याने असले विखुरलेले ज्ञान गोळा केले आणि 1881 साली स्विस आल्प्समधल्या हिमस्खलनांवर ग्रंथ लिहिला. माणूस स्वतः गिर्यारोहक, पित्स बेर्निना पहिल्यांदा चढणाऱ्यांतला. तरी त्याच्याही लेखी प्रश्न मुख्यतः वाटेचाच होता.

ही समजूत अपुरी पडली ती माणसे भर हिवाळ्यात गाव सोडून वर जाऊ लागली तेव्हा. आधी पहिल्या महायुद्धात सैन्ये गेली. 13 डिसेंबर 1916 रोजी मार्मोलाडा डोंगरातल्या ऑस्ट्रियन छावणीवर हिमस्खलन कोसळले आणि अडीचशेहून अधिक सैनिक गेले. छावणीची जागा शत्रूच्या तोफांपासून आडोसा मिळावा म्हणून निवडलेली होती. सैन्यांमागून हौशी लोक स्की बांधून निघाले, आणि तेही अशा उतारांवर, जिथे कधी कुणी राहिलेच नव्हते. तिथली आठवण सांगायला कोण असणार?

मग लोक बर्फाकडेच वळले. 1936च्या सुमारास दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख इथल्या एका झोपडीवजा प्रयोगशाळेत मोजक्या संशोधकांनी बर्फाचे थर कापून पाहायला सुरुवात केली. पडलेला बर्फ तसाच पडून राहत नाही, रोज बदलतो, हे त्यांनी बारकाईने मांडले. हिवाळ्याच्या तोंडावर थोडासा बर्फ पडतो आणि मग आकाश आठवडेच्या आठवडे निरभ्र राहते. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभाग मात्र कडाक्याने गारठलेला. थर पातळ असल्याने हा सगळा फरक थोडक्या जाडीत मावतो. मीटरमागे साधारण 10 अंशांहून जास्त फरक पडला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण नव्याने घडतात. हे कण पैलूदार असतात, एकमेकांना धरत नाहीत, मुठीत घेतले तर भरड साखरेसारखे गळून जातात. यावर पुढचा बर्फ पडला, वाऱ्याने तो थापून घट्ट केला, की वरून उतार एकसंध आणि भक्कम दिसतो. त्यावर एखाद्याचा पाय पडतो, तळचा थर दबतो, तडा क्षणात दूरवर पळतो आणि अख्खी लादी सुटते. असे उतार बहुतेक 30 ते 45 अंशांचे असतात, म्हणजे नेमके स्कीवाल्यांना आवडणारे.

कमी बर्फ म्हणजे कमी धोका, हा आपला सरळ हिशेब इथे उलटतो. लडाख-काराकोरमसारख्या थंड, कोरड्या मुलखात हा कच्चा तळ फार सहज तयार होतो. (सिनेमात नायक ओरडतो आणि डोंगर कोसळतो, ते सोडून द्या. आवाजात तेवढी ताकद नसते, माणसाच्या वजनात असते.) आल्प्समध्ये आणि उत्तर अमेरिकेत हौशी मंडळींच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहातल्या नऊ वेळा लादी सुटली होती ती गाडल्या गेलेल्या माणसामुळे किंवा त्याच्या सोबत्यामुळे. बर्फ चालून येतो ही शतकांची कल्पना इथे संपली.

तरीही वाइसफ्लूयोखनंतरची पन्नासेक वर्षे उत्तर बर्फातच शोधले गेले. खड्डा खणा, थर वाचा, मग ठरवा. वेर्नर मुंटर या स्विस गाइडने 1990च्या दशकात यावर बोट ठेवले. एका खड्ड्यातला बर्फ वीस पावलांवरच्या बर्फाबद्दल हमी देत नाही, कारण कच्चा थर उतारभर सारखा पसरलेला नसतो. त्याने खणण्याऐवजी आकडेमोड सुचवली. 1993पासून युरोपात हिमस्खलनाच्या इशाऱ्याची पाच पायऱ्यांची सामाईक पट्टी आली होती. मुंटरने तिच्या पहिल्या तीन पायऱ्यांना 2, 4, 8 असे भार दिले, म्हणजे प्रत्येक पायरीला धोका दुप्पट. मग उतार कमी तीव्र निवडला, धोक्याची दिशा टाळली, माणसांत अंतर ठेवले, तर त्या भाराला भागायचे. बर्फाकडे न पाहता बर्फाचा निर्णय! जाणकारांना ते रुचणे अवघडच होते. मला मात्र मुंटरचा हा नम्रपणा फार मोठा वाटतो. आपल्याला कळत नाही, हे गृहीत धरून त्याने पद्धत बांधली.

2000नंतर इयन मॅकमन या अमेरिकन अभ्यासकाने सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी चाळल्या. बळी पडलेल्यांत प्रशिक्षण घेतलेले बरेच होते, आणि धोक्याच्या खुणा बहुतेक वेळा डोळ्यांसमोर होत्या. निर्णय फिरवला होता तो उताराच्या ओळखीने, दुसऱ्यांच्या ताज्या पाऊलखुणांनी, शिखर गाठायचेच या हट्टाने, ‘लीडरला कळतं’ या भरवशाने. ओळखीच्या उतारावर तर प्रशिक्षणाचा फायदा जवळजवळ पुसून जात होता.

याची मुळे आणखी खोल आहेत असे मला वाटते. सह्याद्रीत अनुभव खरोखर शिकवतो. निसरड्या कातळावर पाय चुकला की लगेच खरचटते, आणि पुढच्या वेळी पाय आपोआप जपून पडतो. बर्फाचा उतार असे काही सांगत नाही. चुकीच्या दिवशी, चुकीच्या जागी शंभर जण गेले तरी तो बहुतेक वेळा घसरत नाही, आणि शंभर जण आपला निर्णय बरोबर होता असे समजून परततात. वर्षे वाढतात तसा आत्मविश्वास वाढतो, पण ज्ञान तेवढेच राहते. ‘वीस वर्षे डोंगरात आहे’ या वाक्यावर आपली गिर्यारोहणाची सारी मानमर्यादा उभी आहे. हिवाळ्यातल्या बर्फापुरते ते वाक्य फार थोडे सिद्ध करते.

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-2 या 5,670 मीटरच्या शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू पाठोपाठ चढलेली प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होती. शिखर संस्थेच्या नेहमीच्या सरावाचे. नेमके कारण इथे बसून ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण अनुभव आणि ओळख या दोन्ही गोष्टी त्या सकाळी तिथे हजर होत्या.

मॅकमनने दाखवलेल्या मनाच्या या सापळ्यांचा सिद्धांत हौसेने जाणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे, हेही विसरू नये. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातावर वरचा हिमकडा तुटून 16 नेपाळी कामगार गेले. त्या कड्याला कुणाच्या पायाचा धक्का लागला नव्हता, आणि ओझे घेऊन निघालेल्यांना ‘आज नको’ म्हणण्याची मुभाही फारशी नव्हती. सियाचिनवरच्या जवानाला तर नाहीच. भारतात हिमस्खलनाचा अभ्यास 1969पासून मनालीत सुरू झाला तोही सैन्याच्या गरजेतून.

1 फेब्रुवारी 2003 रोजी कॅनडात रॉजर्स पासजवळ शाळेच्या सहलीतले 7 विद्यार्थी हिमस्खलनात गेल्यावर तिथे उतारांचीच वर्गवारी झाली: सोपे, अवघड, गुंतागुंतीचे. अमुक गटाने अमुक उतारावर जायचेच नाही, हे घरी बसून ठरवायचे, कारण वर पोहोचल्यावर मनावर भरवसा नाही. विचार फिरून पुन्हा जागेपाशी आला, फक्त आता कारण माहीत होते.

आपल्याकडे पुण्या-मुंबईहून हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. केदारकंठा, ब्रह्मताल करून झाले की पुढे डोळे गुलमर्गच्या उतारांवर लागतात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी जिल्हावार इशारे निघतात, पण रजा, रेल्वेचे आरक्षण आणि बॅचची तारीख आधीच पक्की झालेली असते. जानेवारीच्या त्या तारखा इथे ठरतात नोव्हेंबरात. तिकडे उंचावर पहिला पातळ बर्फ पडतो तोही त्याच सुमारास.