मुक्याची मुंज

वारकरी सज्जनहो, परमार्थाच्या वाटेवर कामक्रोधादि शत्रूंचा बोभाटा फार होतो, पण विकल्प नावाचा एक घरभेद्या आपल्याच ओसरीवर ठाण मांडून बसलेला असतो, त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. काम आला तर कळते, क्रोध आला तर शेजाऱ्यालाही कळते. विकल्प येतो तो शहाणपणाचा फेटा बांधून. 'देव आहे की नाही' असे तो विचारील तर आपण त्याला दारातूनच हाकलून देऊ, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो हळूच वेगळे विचारतो, "देव आहे हो, पण तुझ्यात काय आहे?" आणि इथे भले भले माळकरी फसतात. कारण हा संशय नम्रतेसारखा दिसतो. 'आम्ही अडाणी, आम्हांला काय येते, आमच्या पोराच्या नशिबी कुठले' असे म्हणताना माणसाला आपण फार विनयी बोललो असे वाटते. खरे पाहता तो विनय नव्हे. देवाने जे दिले आहे ते न पाहताच परत करण्याचा तो प्रकार आहे.

शेगावहून श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरीला निघते ती वाशीम जिल्ह्यात मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी मजल करीत पुढे औंढ्या नागनाथाकडे जाते. त्या वाटेवर विसाव्याला एका शेतकऱ्याशी आमचे बोलणे झाले. पाऊस ओढ देऊन बसला होता, पहिली पेरणी मोडली होती, दुबार पेरणीला बियाणे कुठून आणावे याचा घोर होता. आम्ही आपले नेहमीचे बोललो, पांडुरंगावर भरवसा ठेवा. तो म्हणाला, "महाराज, देवावर त माहा भरोसा हाय. पन माह्यावर माहाच नाई." आम्ही विचारले, "माउली, चाड्यावर मूठ धरता तेव्हा दाण्यावर भरवसा असतो का?" तो म्हणाला, "बी त उगोतेच महाराज, जमीन चांगली असली त." "मग तुम्हांला ज्याने पेरले त्याने मूठ चुकून सोडली असे वाटते का?" यावर तो काही बोलला नाही. चिलीम विझली होती, ती पुन्हा पेटवीत बसला. आमचे उत्तर त्याला पटले असा आमचा दावा नाही. पण त्याचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही, आणि त्याला जी कथा सांगायला हवी होती ती त्याच्याच जिल्ह्यातली आहे हे मागाहून ध्यानात आले. तीच आज सांगतो.

वाशीम जिल्ह्यात लाडांचे कारंजे म्हणून प्रसिद्ध गाव आहे. हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. परंपरेने त्यांचा जन्म इ.स. १३७८ चा मानतात, म्हणजे ज्ञानोबारायांच्या समाधीनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी. कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात दत्तसंप्रदायाची कथा कशाला? त्यांनी पैठणकडे तोंड करून विचार करावा. आपल्या नाथबाबांचे गुरु जनार्दनस्वामी दत्तात्रेयांचेच उपासक होते. संतांच्या घरी अशा भिंती नसतात, त्या आपण मागाहून घालतो.

सरस्वती गंगाधरांच्या श्रीगुरुचरित्रात ही कथा आहे. माधव नावाचा शिवभक्त ब्राह्मण आणि त्याची पत्नी अंबा. त्यांना मुलगा झाला. जन्मताच तो इतर बाळांसारखा रडला नाही, त्याच्या मुखातून ओंकार निघाला. ज्योतिषी म्हणाले, हा अवतारी पुरुष आहे. घरात आनंदीआनंद झाला. पण पुढे वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली, मूल बोलेना. ओंकारावाचून दुसरा शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, भूक नाही, पाणी नाही. ऐकू मात्र सर्व येत होते. आता कल्पना करा त्या माउलीची. ज्योतिषी सांगून गेले ते गेले, घरात राहिले ते मुके पोर. शेजारणींनी नाना उपाय सुचविले. कोणी म्हणे कुलदैवताचा कोप आहे, कोणी म्हणे अमुक वारी अमुक पानावर जेवू घाला. सारे करून झाले. पोर हसत असे, आणि आई रडत असे. सात वर्षे अशी लोटली.

मग आईने एकदा पोराला जवळ घेऊन विनवले, बाळा, तू आमचा कुळदीपक म्हणतात, तुझा एक शब्द तरी आमच्या कानी पडू दे. तेव्हा त्या मुलाने खुणा केल्या. कमरेची मेखला दाखविली, गळ्यातील जानव्याची खूण केली, आणि असे सुचविले की मुंज करा, मग मी बोलेन.

मुंज म्हणजे काय, याचा नीट विचार करा. बटूला मंत्र द्यावयाचा, तो त्याने उच्चारावयाचा. जो बोलतच नाही त्याला मंत्र कसा द्यावा? मुक्याची मुंज ही उघड उघड हसे करून घेण्याची गोष्ट. तरी माधवाने मुहूर्त काढला, ब्राह्मण बोलाविले, पैसा खर्च केला. त्या मुलाने हाती घेतलेले लोखंड सोने झाले होते असे चरित्रकार सांगतात, तेव्हा पैशाची अडचण नव्हती. परंतु लोकलज्जेची अडचण सोन्याने दूर होत नाही. गाव काय म्हणाले हे चरित्रकाराने फार मार्मिक लिहिले आहे. कोणी म्हणाले, मुक्याची मुंज कशाला, व्यर्थ खर्च. कोणी म्हणाले, गायत्री कशी शिकवणार? आणि काही जण म्हणाले, आपल्याला काय त्याचे, यथेच्छ मिष्टान्न मिळेल, दक्षिणा मिळेल, चला! सज्जनहो, साडेसहाशे वर्षांत आपल्या पंगतीत काही फरक पडलेला आमच्या तरी दृष्टीस येत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा पाहायला लोक जमतात आणि निकाल लागेपर्यंत जेवून घेतात.

मुंज लागली. पित्याने मंत्र कानात सांगितला. बटूने तो मनात घेतला, तोंडाने बोलला नाही. इथे जर माधवाचा धीर सुटता तर? मंत्र दिला तरी पोर मुकेच, मंडपात कुजबूज, सोयऱ्यांच्या नजरा. पण विधी पुढे चालू राहिला. मग माता भिक्षा घालावयास आली. पहिली भिक्षा घालताच त्या मुलाने ऋग्वेद म्हणावयास आरंभ केला. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. जेवायला आलेली मंडळी हात जोडून उभी राहिली.

आता आमचे म्हणणे असे की, या कथेतला चमत्कार वेदांचा नाही. अवताराने वेद म्हणावे यात काय नवल? पैठणला ज्ञानोबारायांनी रेड्यामुखी वेद बोलविले, तेव्हा वेद कुठूनही प्रकट होऊ शकतो हे वारकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. नवल आहे ते त्या आईबापाचे. बोलल्यावर मुंज केली नाही, बोलावा म्हणून मुंज केली. पुरावा मागाहून आला, मांडव आधी पडला. भरवसा याचे नाव. घरात बसून 'देव करील' म्हणणे हा भरवसा नव्हे. आपल्या वाट्याचे कर्म, हसे होण्याची तयारी ठेवून, शेवटपर्यंत पार पाडणे हा भरवसा. आणि तो मंत्र सांगितल्यानंतरच्या शांततेत टिकला पाहिजे, जेव्हा पोर अजून गप्पच आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर भलताच अर्थ घेणारे निघतात. आज कोणाचे मूल वेळेवर बोलत नसेल तर अंगारे, गंडे यांत वर्षे घालवू नयेत. आधी त्याचे कान तपासून घ्यावेत, वैद्यकीय उपाय करावेत, खुणांची भाषा शिकवावी लागली तर ती घरातल्या सर्वांनी शिकावी. कारंज्याच्या त्या मुलाने पहिले बोलणे खुणांनीच केले होते, आणि आईबापांनी ते समजून घेतले. मूल कधीच बोलले नाही तरी त्याच्यात देवाने ठेवलेले काही कमी होत नाही. ते कोणत्या वाटेने बाहेर पडेल ते शोधणे आपले काम आहे.

या अंबेची पूर्वकथा तर अधिक विचार करण्यासारखी आहे. कृष्णेच्या पात्रातील कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभ असताना एक विधवा ब्राह्मण स्त्री आपल्या मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीवर आली, ती जीव देण्यासाठी. मुलाला विद्या येत नाही, लोक त्याची निंदा करतात, भीक मागून जगणे नशिबी आलेले. माय आणि लेक दोघेही पाण्याकडे निघालेले. स्वामींनी त्यांना थांबविले. वेदान्त सांगण्याआधी थांबविले, हे लक्षात घ्या. मग तिला शनिप्रदोषाचे व्रत सांगितले, मुलाच्या मस्तकावर हात ठेवला, आणि तो ज्ञानी झाला. तिने मागितले की पुढल्या जन्मी तुमच्यासारखा पुत्र व्हावा. तीच कारंज्याची अंबा झाली.

आमच्या वऱ्हाडात हे नदीकाठचे दृश्य पोथीतलेच राहिलेले नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे इ.स. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. कर्ज, नापिकी, भाव ही कारणे खरी आहेत आणि ती कीर्तनाने फिटत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण शेवटच्या रात्री त्या माणसाजवळ जो बसलेला असतो तो हाच घरभेद्या, 'तुझ्यात काय आहे' असे विचारणारा. त्या वेळी गावात टाळ वाजत असून उपयोग नाही, कोणीतरी उठून त्याच्या घरी गेले पाहिजे. हरिपाठ संपल्यावर जो गडी आज आला नाही त्याच्याकडे जाऊन "काहून आला नाई रे?" एवढे विचारणे हीसुद्धा सेवा आहे. आमच्या मते तर ती काकड्याइतकीच नेमाची असावी.

कोणी म्हणेल, आम्हांला कच्चे ठरविले गेले, आता काय उरले? त्याने नामदेवरायांकडे पाहावे. त्यांची नरसी वाशीमपासून फार दूर नाही. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थोपटले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेवांना राग आला. काका म्हणाले, हे मडके कच्चे. साक्षात विठोबाशी बोलणारा, ज्याच्या हातून विठोबाने नैवेद्य खाल्ला तो भक्त, तो कच्चा! केवढा अपमान. पण कुंभाराच्या तोंडी कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे, हे ज्याने आवा लावला आहे त्यालाच कळते. कच्चे म्हणजे भाजायचे राहिलेले. फुटके मडके कुंभार तपासीत बसत नाही. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे त्यांना जे मिळाले ते घेऊन पंजाबापर्यंत पोहोचले. शाळेत नापास झालेल्या पोराला आपण कच्चा म्हणतो तेव्हा कुंभाराच्या मनाने म्हणतो की भंगारवाल्याच्या, हे ज्याचे त्याने तपासावे.

वाशीमच्या बालाजीचीही अशीच आख्यायिका आहे. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या, पुढे त्यांची आठवण बुजली. पुष्कळ वर्षांनी कोणाच्या काठीने माती उकरली गेली आणि मूर्तीचे बोट दिसले. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी तिथे मंदिर उभारले. लोक त्या जमिनीवरून रोज जात होते, गुरे चारीत होते. बोट दिसले तेव्हा ज्याने खाली वाकून पाहिले, त्याचे आम्हांला कौतुक वाटते.

असो. कारंज्याची कथा मुंजीपाशी सोडून देण्याची चाल आहे, कारण तिथे टाळ्या पडतात. परंतु ती पुढे आहे, आणि आईबापांनी ती ऐकावी. वेद म्हणणारा तो मुलगा लगेच मातेला म्हणाला, तू भिक्षा घातलीस, आता मी भिक्षेकरीच होतो, मला तीर्थयात्रेला निरोप दे. सात वर्षे जिने एका शब्दाची वाट पाहिली, तिला पहिले बोलणे ऐकायला मिळाले ते हे! ती मूर्च्छित पडली. मुलाने तिचे सांत्वन केले, आणखी मुले होतील असे सांगितले. तिने विनवल्यावर ती होईपर्यंत तो थांबलाही. जुळे पुत्र झाले, आणि मग तो काशीच्या वाटेने चालता झाला. देवाने आपल्या लेकरात जे झाकून ठेवलेले असते ते उघडे झाले म्हणजे आपल्याच अंगणात राहते असे नाही. पोरगी शिकून दूर जाते, पोरगा ज्या धंद्यात आपल्याला काही कळत नाही त्यात शिरतो. तेव्हा 'हेच का मागितले होते' म्हणून विकल्प पुन्हा ओसरीवर येऊन बसतो.

अंबेने निरोप दिला. तीस वर्षांनी संन्यासी होऊन, शिष्यांसह, ते पुन्हा कारंज्याला आले आणि मातापित्यांना भेटले. गावात घरोघरी त्यांची पूजा झाली. ज्यांनी मुंजीला मिष्टान्नावर ताव मारला होता, त्यांच्यातले काही वृद्ध तेव्हा हयात असतील.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!