अनुदानातील ‘दान’

‘अनुदान’ हा शब्द आपण सरकारी माणसे दिवसातून इतक्या वेळा लिहितो की, त्याच्या पोटात ‘दान’ आहे याचे भान राहत नाही. दान म्हटले की देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे ओघानेच आले. मग संकटात बुडालेल्या माणसाला राज्य जे देते, ते दान समजावयाचे की देणे? आणि ते देणे असेल, तर त्याच्या दैन्याचा पुरावा मागण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो?

तंजावरात या प्रश्नाला जुना संदर्भ आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, तेव्हा सरफोजीराजांना रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रांची काळजी लागली. १८०१ साली रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांची रीत वर्णिली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस अन्न मिळे, आजाऱ्यास औषध मिळे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असे पुकारले जाई. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले.

या छत्रांना सुवर्णयुग मानण्याचे कारण नाही. राजाचे औदार्यही अखेर कुळांच्या साऱ्यातूनच येई. शिवाय शिजलेला भात कोणी साठवून ठेवीत नाही. भूक हीच तेथे पात्रतेची कसोटी. रोख रकमेचे तसे नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी करातून आलेली असते, आणि ती कोणास दिली हे विचारण्याचा त्या करदात्यास हक्क आहे. म्हणून चौकशी नकोच, असे म्हणता येणार नाही.

परंतु चौकशीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्रास पैसा जाणे ही पहिली; पात्र माणूस वगळला जाणे ही दुसरी. पहिलीची नोंद राहते, तीवर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. दुसरीचा कागदच तयार होत नाही. परत गेलेला मनुष्य कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. आपली सावधगिरी साहजिकच पहिलीकडे झुकते, आणि त्या झुकण्याला आपण नि:पक्षपात म्हणतो!

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गजा’ वादळ आले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी भागांत माडांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. राज्य सरकारने दर माडामागे ६०० रुपये भरपाई आणि तो तोडून हलविण्यास ५०० रुपये ठरविले. हिशेब स्वच्छ होता. पण माड मोजले की पैसा माडाच्या मालकाकडे जाणार. नारळ पाडणारा, सोलणारा, काथ्या वळणारा यांच्या नावे एकही झाड नव्हते. नवा माड फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तितकी वर्षे त्यांचीही मजुरी गेली. येथे कोणी लबाडी केली नाही. मोजमापाचे एककच असे निवडले गेले, की काही माणसे त्यात मावली नाहीत.

तमिळनाडूने २०२३ साली कुटुंबातील स्त्रियांसाठी दरमहा १,००० रुपयांची योजना सुरू केली, तिच्या नावात ‘उरिमै’ म्हणजे हक्क हा शब्द घातला. तिलाही उत्पन्नाच्या, जमिनीच्या, विजेच्या वापराच्या अटी होत्याच. मात्र नाकारल्या गेलेल्यांना अपिलाची वाट ठेवली होती. नाव बदलल्याने हात खालचा वर येतो असे नव्हे. पण हक्क म्हटल्यावर नकाराचे कारण सांगण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते; दानात ती नसते.

मला वाटते, फरक आहे तो येथेच. पुरावा मागणे अन्याय्य नाही; पुरावा आणू न शकणाऱ्याचा शोध न घेणे अन्याय्य आहे. छत्राच्या चालकाला रात्री दार लावण्यापूर्वी बाहेर कोण राहिले हे विचारावे लागे. आपली यादी अंतिम करून सही करण्यापूर्वी आपण तेवढे विचारतो काय?